लाल कापडाची सुरगाठ

जाड चामडी पट्टा ताणून ताणून एकदम तुटावा, तसा तो आवाज होता. एकच. त्याच्या मागोमाग खुर्ची पडल्याचा, आणि मग काहीच नाही.

धाकट्यांनी तो बत्तीस वर्षांपूर्वी ऐकला. मागच्या नळावर तोंडातलं रक्त धूत असताना. उजव्या कानाने ऐकला, कारण डावा कान नुकताच गेला होता.

धाकटे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दुकान दोघा भावांचं, म्हणून एक थोरले मिस्त्री आणि एक धाकटे मिस्त्री. थोरला त्या दिवशी गेला. धाकटे मात्र अडुसष्ट वर्षांचे झाले, बरेच दात गेले, केस गेले, तरी गल्लीला धाकटेच राहिले. धंदाही तोच राहिला. गिटार वाजवणाऱ्यांचे जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या तापत्या नळ्यांनी आवाज मोठा करणारे लाकडी खोके, दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अकरा पायऱ्यांचा अरुंद लाकडी जिना. वर थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी. ती स्वयंपाक करायची, हे सोल्डरिंग करायचे. दोघं मिळून दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं बोलत असतील. त्यातली निम्मी जेवणावरून.

बत्तीस वर्षांनंतर एके दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडत काहीच नव्हतं. भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागला होता. शेजारच्या शिंप्याचं मशीन मधूनमधून खडखडत होतं. अशात एक गिटारवाली बाई दोन्ही हातांनी अ‍ॅम्प उचलून आत आली आणि तो टेबलावर आदळून धापा टाकत उभी राहिली. चाळिशीची असेल. उजव्या हाताच्या चार बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या.

"काका, हा माझ्या आधी वाजतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी तारेला हात लावायच्या आधीच हा दबतो. तीनदा. ढप, ढप, ढप. मग मी वाजवते. आमचा ड्रमवाला म्हणतो, तुझ्यापेक्षा तुझा अ‍ॅम्प तालात आहे."

धाकटे हसले. "ड्रमवाल्यांचं मनावर घ्यायचं नसतं."

"मी नाही घेत. त्याला स्वतःला ताल सापडला की मग बघू." ती पण हसली, आणि मग हसू ओसरलं. "पण काल नुसतं बटण फिरवायला गेले, तर ही बोटं पोळली. फोड आलेत. बटण प्लास्टिकचं आहे, काका. हाताला गार लागत होतं."

"बोटं बघू."

तिने पट्टी सोडून दाखवली. चारही बोटांच्या टोकांवर गोल फोड होते, एका रांगेत, जणू कुणी तिचा हात धरून गरम काचेवर दाबून ठेवला असावा.

धाकट्यांनी हळूच अ‍ॅम्प आडवा फिरवला. डाव्या बाजूच्या लाकडात चार खळगे होते. शेजारी शेजारी, मुठीच्या हाडांच्या मापाचे. लाकूड नवं असताना कुणीतरी रागाने त्यात बुक्की मारली होती. कुणी, ते धाकट्यांना ठाऊक होतं. ते तेव्हा समोर उभे होते.

"कुठून घेतलास?"

"भंगारवाल्याकडून. त्याला त्याच्या बापाकडून आला. बापाला कुठून, ते विचारायला बाप राहिला नाही." तिने खांदे उडवले. "परत देऊ का?"

धाकट्यांनी एकदा अ‍ॅम्पकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. परत नेला तर हिची बोटं आहेतच. दुसऱ्या कुणाला विकला तर त्याची. आणि आत्ता, याच घटकेला, वर पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला होता. वहिनी जिन्यावरून खाली डोकावली तर?

"ठेवून जा. उद्या ये," ते म्हणाले. "दुसरा अ‍ॅम्प देतो तोवर. आणि बोटांना पाणी लावू नकोस."

ती गेली. धाकट्यांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि अ‍ॅम्पवर पोतं टाकलं. मनाशी एकच ठरवलं. अंधार पडायच्या आत याचा ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, सगळं पोट काढून मोडीत घालायचं. वहिनीला हा दिसता कामा नये. आणि याच्यात जे काही बसलं असेल, त्याचा आवाज तर तिच्या कानावर मुळीच जाता कामा नये.

"भाऊजी," वरून हाक आली. "कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाइकाला कळतं, जेवायची वेळ आहे म्हणून. तुम्हाला कळतं का? की ताट खाली पाठवू, डाख लावून खाल?"

"येतो, येतो. अर्ध्या तासात."

"तुमचा अर्धा तास मला माहीत आहे," वरून उत्तर आलं, आणि पातेलं पुन्हा वाजलं.

धाकट्यांनी पोतं बाजूला केलं.

लोकांना वाटतं की सूर गिटारीत असतो. जरा कळणाऱ्यांना वाटतं की तो व्हॉल्व्हमध्ये असतो. धाकट्यांना विचाराल तर सूर असतो मागे, जिथे कुणी बघत नाही तिथे. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये चढते, रेक्टिफायरच्या व्हॉल्व्हमध्ये सरळ होते आणि मग कंडेन्सरमध्ये साठून राहते. चारशे तीस व्होल्ट. कुणी तार जोरात छेडली की तो साठा एकदम ओढला जातो, दाब पाच-दहा टक्क्यांनी खाली येतो, सूर क्षणभर दबतो आणि मग फुलून वर येतो. धाकटे त्याला अ‍ॅम्पचा श्वास म्हणत. माणूस मोठ्याने बोलायच्या आधी घेतो तसा. दाब थोडा कमी ठेवला की सूर मऊ होतो, गुळासारखा. त्यांना तो आवडे.

थोरल्याला तो सहन होत नसे.

"दाब पडला की सूर आणि माणूस दोन्ही लिबलिबीत होतात," तो म्हणे. त्याने स्वतःसाठी हा अ‍ॅम्प बांधला तेव्हा व्हॉल्व्हचा रेक्टिफायर काढून टाकला, जागी न दबणारे डायोड घातले. ट्रान्सफॉर्मर दुप्पट मोठा. कंडेन्सर एवढे की मुठीत मावणार नाहीत. दाब पाचशेच्या वर. त्यातून सूर निघे तो दबत नसे, वाकत नसे, सरळ येऊन आदळे. "असा पाहिजे," थोरला म्हणे, "समोरच्याच्या कानफटात बसला पाहिजे."

त्याचे हातही तसेच होते. पण हात उचलायच्या आधी त्याची एक सवय होती. टेबलावर मुठीने तीनदा ठोकायचा. ढप, ढप, ढप. तेवढा वेळ समोरच्याला द्यायचा, कशासाठी कोण जाणे. पळायला कुणी धजत नसे. जिन्यात समोरून तो आला की वहिनी भिंतीला चिकटून उभी राही, पोट आत ओढून, आणि तो अंगाला अंग घासत निघून जाई. त्याने कधी कुणाला वाट दिली नाही.

एक मात्र खरं. धंदा त्यानेच शिकवला. अ‍ॅम्प बंद केला, भिंतीतून पिन काढली, तरी कंडेन्सरमधला साठा तसाच राहतो. तासन्‌तास. म्हणून उघड्या अ‍ॅम्पमध्ये एकच हात घालायचा, डावा खिशात. दोन हात घातले की वीज एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातात जाते. आधी दांडीला लावलेल्या रेझिस्टरने साठा उतरवायचा आणि मग अ‍ॅम्पच्या कडीला लाल कापड बांधायचं. निरगाठ मारून. लाल कापड दिसलं की समजायचं, साठा उतरला आहे, आता दोन्ही हात घातले तरी चालतील. डावा हात बाहेर दिसला तर थोरला त्यावर पान्याने मारी. धाकट्यांच्या डाव्या मनगटाचं हाड त्यामुळेच वाकडं बसलं होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी तो नियम मोडला नाही.

तेच लाल कापड अजून टेबलावरच्या खिळ्याला असायचं, विटून गुलाबी झालेलं. धाकटे स्वतः ते धूत. वहिनीने त्या दिवसानंतर त्या खिळ्याकडे कधी मान वळवली नव्हती.

आता धाकट्यांनी डावा हात खिशात घातला आणि अ‍ॅम्पची मागची फळी उतरवली. आतून वास आला. जुन्या धुळीचा, मेणाचा, आणि त्याखाली आणखी एक. पोळलेल्या कातडीचा. त्यांनी नाक पुसलं. डाख थोरल्याने तेव्हा त्यांच्याकडूनच लावून घेतले होते, त्यांनी ते ओळखले. लहान, गोल, चमकदार. मधल्या बत्तीस वर्षांत कुणी आत हात घातला नव्हता.

मोडायच्या आधी एकदा तपासल्याशिवाय मिस्त्रीच्या हाताला राहवेना. मीटरच्या तारा लावल्या. पिन भिंतीत न लावता डिमरस्टॅटमध्ये लावली. डिमरस्टॅट म्हणजे गोल चक्री, ती फिरवून भिंतीतली वीज हवी तेवढी कमी-जास्त करता येते. जुना अ‍ॅम्प असाच हळूहळू जागा करायचा असतो. व्हॉल्व्ह लालसर पेटले. काटा वर चढत गेला. दोनशे. तीनशे पन्नास. चारशे ऐंशी. पाचशे दहावर थांबला.

गिटार लावलेली नव्हती. आवाजाचं बटण शून्यावर होतं.

काटा एकदम चारशे साठवर पडला. वर आला. पुन्हा पडला. पुन्हा आला. पुन्हा पडला. आणि स्पीकरमधून, खूप खोलातून, आवाज आला.

ढप, ढप, ढप.

धाकट्यांच्या वाकड्या मनगटात कळ उठली. पण हात कामाला लागले होते, आणि कामाच्या हातांना भीती जरा उशिरा कळते. कंडेन्सर गळका असेल. त्यांनी अ‍ॅम्प बंद केला, साठा उतरवला, कापड बांधलं, नवा कंडेन्सर घातला. कापड परत खिळ्याला लावून पुन्हा चालू केला. ढप, ढप, ढप. डायोड बदलले. ढप, ढप, ढप. मग डायोड काढून त्यांच्या आवडीचा रेक्टिफायर व्हॉल्व्हच बसवला. दाब उतरला, चारशे तीसला आला, आवाज मऊ झाला, पण मऊ आवाजात मूठ आणखी मोठी वाटली. शेवटी त्यांनी पुढचे दोन्ही मोठे व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवले. आता साठा ओढणारं आत काहीच उरलं नव्हतं. स्पीकरकडे जायला वाटही नव्हती.

काटा पडला. तीनदा.

शिंप्याचं मशीन थांबलं होतं. जेवायला गेला असावा. गल्ली एकदम मुकी झाली.

थोरला गेला त्या दिवशीही शिंप्याचं मशीन बंदच होतं. थोरला याच अ‍ॅम्पपाशी बसला होता, पाचशे दहा व्होल्टवर सूर लावत. वहिनी चहा घेऊन खाली आली. कप बशीवर वाजला. एवढंच. थोरल्याने टेबलावर तीनदा ठोकलं, तिचा उजवा हात धरला आणि चार बोटं पेटलेल्या व्हॉल्व्हच्या काचेवर दाबली. चर्र आवाज आला. ती ओरडली नाही. तिने ओठ चावला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि त्याने मनात मोजल्यासारखं करत हात दाबून धरला. धाकटे मधे पडले. थोरल्याने शेजारचा जळका ट्रान्सफॉर्मर उचलून त्यांच्या डाव्या कानावर हाणला, आणि ते खाली पडल्यावर तोंडावर बुक्की. दोन दात जिभेवर आले.

"जा, तोंड धू," थोरला म्हणाला. "माझ्या अ‍ॅम्पवर रक्त नको."

आणि तो विडी ओढायला पुढच्या दारात गेला.

अ‍ॅम्प नुकताच बंद केलेला होता. साठा उतरवलेला नव्हता. कापड खिळ्याला होतं. नळाकडे जाताना धाकट्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. खिळ्याला. मग त्यांनी पाणी तोंडात घेतलं, आणि तो आवाज आला.

धावत येऊन पाहिलं तर थोरला जमिनीवर. दोन्ही तळवे काळे. डोळे उघडे, त्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य. आणि अ‍ॅम्पच्या कडीला लाल कापड बांधलेलं. निरगाठ नव्हे. सुरगाठ. रिबिनीला मारतात तशी, दोन फासांची. रागावलेला माणूस रंग बघतो, गाठ बघत नाही.

जिन्यावर वहिनी होती. पाठमोरी, भाजलेला हात छातीशी धरून चढत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

धाकट्यांनी लोक यायच्या आत गाठ सोडली. सुरगाठच ती, एका ओढीत सुटली. मग सगळ्यांना सांगितलं, शिंप्याला, पोलिसांना, गल्लीला, "माझी चूक झाली. साठा न उतरवताच मी कापड बांधलं." धाकट्याच्या विसरभोळेपणाने भाऊ मेला, असं लोक पुढे कित्येक वर्षं म्हणत. धाकटे मान खाली घालून ऐकत. आठवड्याभरात वहिनीने तो अ‍ॅम्प एकटीने उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवला. वर कधी विषय निघाला नाही. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं का, तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

आता समोर काटा थरथरत होता, आणि वाट नसतानाही स्पीकर घरघरत होता. धाकट्यांनी डिमरस्टॅटची चक्री मागे फिरवायला घेतली. साडेतीनशे. तीनशे. दाब जसा उतरला तशी स्पीकरमधली घरघर मऊ होत गेली, गुळासारखी, त्यांना आवडायची तशी. दोनशे ऐंशीला तिच्यातून श्वास ऐकू आला. दोनशे पन्नासला घसा.

"का…पड…"

धाकट्यांचा हात चक्रीवरच गोठला. त्यांना वाटलं, पाचशे व्होल्टवर तो नुसता ठोकत होता. बोलायला त्याला मऊ सूर लागला. तो मी दिला.

"कापड… कुणी… बांधलं?"

"दादा," धाकटे पुटपुटले. "हळू… हळू बोल…"

"कुणी… बांधलं?"

जिन्यावर पाऊल वाजलं. "भाऊजी, तुमचा अर्धा तास…" आणि वाक्य तिथेच तुटलं. धाकट्यांनी मान वळवली. वहिनी शेवटच्या पायरीवर उभी होती. पासष्टीची, बारीक, पदर खोचलेला. तिने अ‍ॅम्प पाहिला. लाकडातले चार खळगे पाहिले.

"कुणी?" स्पीकर म्हणाला.

धाकट्यांना आयुष्यात खोटं बोलणं एकदाच जमलं होतं. त्यांनी तेच पुन्हा बोलायला घेतलं. त्यांनी आवाज मोठा केला, जिन्यापर्यंत नीट पोचेल एवढा.

"मी, दादा. मीच बांधलं. विसरलो… माझ्याच हातून झालं."

घरघर थांबली. मग, जराही घाई न करता, टेबलाच्या लाकडातूनच आवाज आला.

ढप. ढप. ढप.

काटा चढायला लागला. चक्री जागची हलली नसताना काटा तीनशेवर गेला. धाकट्यांनी चक्री पार शून्यावर आणली. चारशे. त्यांनी पिन ओढून काढली, ती जमिनीवर पडली, तिचे दोन दांडे वर करून. काटा पाचशेवर होता आणि चढतच होता. उतरवलेला कंडेन्सर थोडा परत चढतो, दहा-वीस व्होल्ट, हे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. पाचशे नाही. सहाशे नाही. रेक्टिफायरच्या काचेत जांभळा उजेड भरला आणि ती फुटली. एक तुकडा धाकट्यांच्या गालात रुतला. पोळलेल्या कातडीचा वास एवढा दाटला की श्वास घेववेना.

"वहिनी, वर जा!" ते ओरडले. "वर जा!"

ती हलली नाही.

त्यांनी साठा उतरवायची दांडी उचलली. उजव्या हातात. डावा खिशात. टोक कंडेन्सरला टेकवायच्या आधीच, बोटभर अंतरावरून, निळी-पांढरी कांब निघाली आणि दांडीला चावली.

तोच आवाज. पट्टा तुटल्याचा.

दांडी वितळली. धाकटे मागे फेकले गेले, कपाटावर आपटले, डब्यातले स्क्रू अंगावर सांडले. उजवा हात खांद्यापासून मेल्यासारखा लोंबत होता, तळव्यावर काळी रेघ. पण लगेच दुसरा तडाखा बसला, आणि तो विजेचा नव्हता. तो तोंडावर बसला. मुठीचा. त्यांना चार हाडं वेगवेगळी जाणवली. उरलेल्या दातांतला एक जिभेवर आला. मग बरगडीत लाथ. मग डाव्या कानावर, त्याच जागी, त्याच वजनाने. समोर कुणीही नव्हतं. दिव्याच्या उजेडात नुसती धूळ तरंगत होती, आणि ती धूळ प्रत्येक तडाख्याआधी बाजूला सरत होती.

धाकट्यांना ओरडायचं होतं. तोंडात रक्त होतं, आवाज निघाला नाही. ते एकच म्हणत राहिले, ओठांनीच. मी बांधलं. मी बांधलं.

तेवढ्यात वहिनी त्यांना ओलांडून पुढे गेली.

ती सरळ टेबलापाशी गेली. खिळ्याकडे हात नेला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. विटलेलं कापड काढलं, झटकलं, आणि फुटलेल्या काचा पायाखाली करकरत असताना अ‍ॅम्पच्या कडीतून ओवलं. तिच्या उजव्या हाताची चार बोटं दिव्याखाली चमकत होती. टोकांना रेषा नव्हत्या, नुसती गुळगुळीत कातडी. ती घाई करत नव्हती. एक फास. दुसरा फास. ओढून घेतला.

सुरगाठ.

मग ती दोन्ही हात टेबलावर टेकवून उभी राहिली, स्पीकरकडे तोंड करून. नुसतं बघत राहिली. त्या दिवशी बोटं दाबली जात असताना बघत होती तसं.

धाकट्यांच्या बरगडीवर उचललेली लाथ आलीच नाही. काटा सहाशे चाळीसवर थांबला.

ती वळली. धाकट्यांपाशी क्षणभर थांबली, पदराच्या टोकाने त्यांच्या गालावरचं रक्त टिपलं, काच मात्र तशीच राहू दिली. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, हे आता तिला ठाऊक झालं होतं. त्यांना तिचा पदर धरायचा होता, पण उजवा हात उचलत नव्हता, आणि डावा अजून खिशात होता. सवयीने तिथेच अडकून बसला होता.

ती जिना चढायला लागली.

पहिल्या पायरीवर जिन्यावरचा दिवा मंद झाला आणि पुन्हा फुलला. कुणी कुठे साठा ओढला की होतो तसा. लगेच मागोमाग तो आणखी एकदा मंद झाला. धाकट्यांनी टेबलावरच्या मीटरकडे पाहिलं. काटा एक घर खाली आला होता. दुसऱ्या पायरीवर पुन्हा तसंच. एकदा तिच्या पावलाला दिवा मंद, आणि लगेच मागून, दुसऱ्या कुणाच्या पावलाला व्हावा तसा, आणखी एकदा. काटा आणखी एक घर खाली. पाचशे. चारशे. अ‍ॅम्प रिकामा होत होता.

सातव्या पायरीवर ती थांबली. मागे वळली नाही. हळूच भिंतीला चिकटली, पोट आत ओढून, तशीच, पूर्वी चिकटायची तशी. दिवा मंद झाला आणि बराच वेळ मंदच राहिला. तिचा पदर, वारा नसताना, एका बाजूला घासल्यासारखा हलला.

मग तिने पदर सारखा केला, आणि पुढे गेलेल्याच्या मागून वर निघून गेली.